निमॅटोडवर बॅक्टेरियाचा इलाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निमॅटोड म्हणजे नक्की काय? किडा म्हणायचा की रोग?

खरं तर दोन्ही नाही. निमॅटोड म्हणजे सूत्रकृमी, दोऱ्यासारख्या अंगाचा जंत. पिकांच्या मुळावर जगणारे बहुतेक अर्धा-एक मिलिमीटरच्या आसपास असतात, अंग पारदर्शक, त्यामुळे माती हातात घेऊन कितीही बघितली तरी दिसत नाहीत. तोंडात इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ सुई असते, ती मुळाच्या पेशीत खुपसायची आणि आतलं ओढून घ्यायचं हा यांचा धंदा. पिकांवर जगणाऱ्या ४००० पेक्षा जास्त जाती आजवर नोंदल्या गेल्यात पण पिकाचा जीव काढणाऱ्या त्यातल्या मोजक्याच. सगळ्यात वाईट मुळावर गाठी करणारा, मेलॉयडोगायनी. त्याच्या खालोखाल सोयाबीन आणि बटाट्यावरचे सिस्टवाले (ज्यांची मादी मेल्यावर अंड्यांची कडक पिशवी होते) आणि केळीचं मूळ पोखरणारे.

आणि एक आधीच सांगून ठेवते, जमिनीतले सगळे निमॅटोड वाईट नसतात. बरेचसे बॅक्टेरिया आणि बुरशी खाऊन जगतात, त्यातून पिकाला नायट्रोजन मोकळा होतो, काही तर हुमणीसारख्या अळ्या मारतात. म्हणून "जमिनीतला एकूण एक निमॅटोड संपवायचा" हे टार्गेटच चुकीचं आहे.

मुळावर गाठी दिसल्या, पण त्या रायझोबियमच्या चांगल्या गाठी असतील तर?

शेंगवर्गीय पिकात हा गोंधळ फार होतो. रायझोबियम म्हणजे हवेतला नायट्रोजन पिकाला देणारा बॅक्टेरिया. त्याची गाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते, बोटाने घासली की सहज सुटते, आणि काम करणारी असेल तर आतून गुलाबी-लालसर निघते. निमॅटोडची गाठ बाजूला नसते, मूळच फुगलेलं असतं, ती काढायला गेलात तर मूळ तुटतं. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी यांना रायझोबियम नसतोच, तिथे अशा मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर बहुतेक वेळा निमॅटोडच. कोबीवर्गीय पिकात मात्र बुरशीसारख्या एका जीवामुळे मूळ गदेसारखं सुजतं, तो वेगळा रोग.

रोप ओढून उपटू नका, गाठींसकट बारीक मुळं तुटून जमिनीतच राहतात. खुरप्याने मातीसकट काढायचं आणि पाण्यात अलगद हलवून धुवायचं.

गाठ तयार कशी होते? हे माहीत असून मला काय उपयोग?

उपयोग आहे, कारण बॅक्टेरिया कधी आणि कुठे काम करणार हे सगळं यावरच ठरतं.

अंड्यातून जे पिल्लू बाहेर येतं ते दुसऱ्या अवस्थेतलं असतं, पहिली कात त्याने अंड्यातच टाकलेली असते. लांबी जेमतेम ०.४ मिमी. ते ओल्या मातीतून मुळाच्या वासाने सरकत येतं, मुळाच्या टोकाजवळून आत घुसतं आणि आत एका जागी बसून काही पेशींना अशी चिथावणी देतं की त्या पेशी न विभागता नुसत्या फुगत जातात, झाड त्यांनाच अन्न पुरवत बसतं. भोवतालचं मूळ सुजतं, तीच गाठ. पिल्लाची मादी होते, नासपतीच्या आकाराची पांढरी, आणि ती तिथून परत हलत नाही. मुळाच्या पृष्ठभागावर चिकट जेलीत शेकडो अंडी घालते. काही जातींत नराचीही गरज लागत नाही, म्हणजे एक मादी पुरे. माती २५ ते २८ डिग्री असेल तर हे सगळं चक्र तीन-चार आठवड्यांत पूर्ण, चार महिन्यांच्या पिकात तीन-चार पिढ्या आरामात होतात.

आता बघा, यात तो उघड्यावर असतो कधी? अंडी असताना, आणि अंड्यातून निघून मुळात शिरेपर्यंतचे थोडे दिवस. एकदा आत शिरला की बाहेरचे बहुतेक बॅक्टेरिया त्याचं फार काही बिघडवू शकत नाहीत. म्हणून मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत असते, बॅक्टेरिया मुळावर आधी पोचला पाहिजे, निमॅटोड नंतर. उलट झालं तर पैसे मातीत.

बॅक्टेरिया त्याला मारतो म्हणजे नेमकं काय करतो?

एकच काम करत नाही, आणि सगळे बॅक्टेरिया तेच काम करत नाहीत. हा विषय मला स्वतःला फार आवडतो त्यामुळे जरा लांब लिहिते.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे जागा धरणं. बॅसिलस किंवा स्यूडोमोनास हे मातीतले बॅक्टेरिया मुळावर पातळ थर करून बसतात, मुळातून पाझरणारी साखर-आम्लं खातात. निमॅटोड ज्या वासावर मुळापर्यंत येतो तो वासच बदलतो किंवा कमी होतो, म्हणजे पिल्लाला पत्ता सापडत नाही आणि अंगातली चरबी संपली की ते भुकेनं मरतं.

दुसरा प्रकार एन्झाइमचा. निमॅटोडची कातडी मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रोटीनची असते आणि अंड्याच्या कवचात कायटिन असतं. काही बॅसिलस प्रोटीन विरघळवणारे एन्झाइम सोडतात, काही बॅक्टेरिया कायटिन तोडणारे. कवच कमकुवत झालं की अंडी नीट उबत नाहीत.

तिसरा, विषारी पदार्थ. स्यूडोमोनास फ्लुरोसन्सचे काही स्ट्रेन (एकाच जातीतले वेगवेगळे वाण) हायड्रोजन सायनाइड आणि डीएपीजी नावाचं रसायन अगदी थोड्या प्रमाणात मुळाजवळ तयार करतात. स्ट्रेप्टोमायसिस अ‍ॅव्हरमिटिलिस नावाच्या मातीतल्या बॅक्टेरियाने तर अ‍ॅव्हरमेक्टिन दिलं, ज्यापासून माणसांच्या आणि जनावरांच्या जंतांवरची औषधं झाली, सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं ते त्याच कामासाठी. त्याच कुळातलं अ‍ॅबामेक्टिन आज बियाण्याला निमॅटोडसाठी लावतात. म्हणजे "बॅक्टेरियाने जंत कसा मरेल" असं कुणी म्हटलं तर हे उदाहरण पुढे करा.

चौथा प्रकार मला सगळ्यात भारी वाटतो, झाडालाच सावध करणं. एकाच रोपाची मुळं दोन कुंड्यांत वाटून लावायची, एका कुंडीत फक्त बॅक्टेरिया आणि दुसरीत फक्त निमॅटोड, दोघांची भेट होऊच द्यायची नाही. तरी दुसऱ्या कुंडीत निमॅटोडचा शिरकाव कमी होतो. बटाट्यावर रायझोबियम एटलाय वापरून आणि टोमॅटोवर बॅसिलस वापरून हे दिसलेलं आहे. म्हणजे बॅक्टेरियाची चाहूल लागून झाडाने स्वतःची प्रतिकारशक्ती जागी केली.

बॅसिलस निमॅटोडला वास दाखवून बोलावतो आणि पोटात जाऊन मारतो असं वाचलं, खरं आहे का?

खरं आहे, बॅसिलस निमॅटोसिडा नावाच्या बॅक्टेरियावर २०१० मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. पण ते झालं सी. एलिगन्स या जंतावर, जो बॅक्टेरियाच खाऊन जगतो, त्याचं तोंड मोठं उघडं असतं. पिकावरच्या निमॅटोडच्या सुईचं भोक इतकं अरुंद असतं की त्यातून अख्खा बॅक्टेरिया आत जाऊच शकत नाही. म्हणून लॅबमधली कुठलीही जबरदस्त बातमी वाचली की आधी बघा प्रयोग कुठल्या जंतावर होता, आणि लॅबमधल्या बशीसारख्या प्लेटवर होता, कुंडीत होता की शेतात. प्लेटवर ९० टक्के मरणारे शेतात तेवढे मरत नाहीत, मातीत स्पर्धा असते, ओल-ऊन बदलतं.

मग निमॅटोडच्या थेट अंगात शिरणारा एकही बॅक्टेरिया नाही का?

आहे ना, पाश्चुरिया पेनेट्रान्स. याच्याबद्दल लोक फार कमी विचारतात.

याचे स्पोअर, म्हणजे कडक कवचातली झोपलेली अवस्था, मातीत नुसते पडून असतात, हलत नाहीत, काही करत नाहीत. निमॅटोडचं पिल्लू मुळाकडे जाताना त्यांना घासून जातं आणि ते त्याच्या कातडीला चिकटतात. जास्त चिकटले तर पिल्लाला नीट सरकताच येत नाही. थोडे चिकटले तर ते त्यांना घेऊनच मुळात शिरतं, तिथे खायला लागलं की स्पोअर उगवतो, कातडी भेदून आत जातो आणि आतल्या आत वाढत राहतो. मादी जगते, मोठी होते, पण अंडी देत नाही. शेवटी अंड्यांऐवजी तिच्या पोटात सुमारे २० लाख स्पोअर भरलेले असतात आणि मूळ कुजलं की ते सगळे मातीत.

याची ओळख पटायलाच किती वर्षं गेली बघा. मेचनिकॉफने १८८८ मध्ये पाण्यातल्या पिसवांमध्ये असा जीव पाहिला आणि लुई पाश्चरच्या नावावरून पाश्चुरिया नाव ठेवलं. निमॅटोडमधला जीव १९४० मध्ये नोंदवला गेला तेव्हा त्याला प्रोटोझोआ (एकपेशी प्राणी) समजले, १९७५ च्या सुमारास तो बॅक्टेरिया असल्याचं स्पष्ट झालं, आणि आजचं नाव मिळालं १९८५ मध्ये.

अडचणी दोन. एक, तो जिवंत निमॅटोडमध्येच वाढतो, त्यामुळे कारखान्यात वाढवणं वर्षानुवर्षं जमलं नाही. दुसरी, तो फार चोखंदळ आहे, एका जातीवर चिकटणारा स्पोअर दुसऱ्या जातीवर चिकटेलच असं नाही, कधी एकाच जातीच्या वेगळ्या ठिकाणच्या निमॅटोडवरही चिकटत नाही. सोयाबीनच्या सिस्ट निमॅटोडवर मात्र पाश्चुरिया निशिझावे या भावंडाचं बियाण्याला लावायचं प्रॉडक्ट बाजारात आलं.

काही शेतांत एकच पीक वर्षानुवर्षं घेऊन सुरुवातीला निमॅटोडने पार वाट लावली आणि मग काही वर्षांनी तो आपोआप कमी झाला असं दिसलंय. अशा मातीत कित्येकदा पाश्चुरिया वाढलेला सापडतो.

बाजारात कुठला घ्यावा? नावं वाचून डोकं फिरतं.

नावापेक्षा आधी स्ट्रेन बघा. बॅसिलस सबटिलिस लिहिलेली दोन पाकिटं म्हणजे एकच माल असं अजिबात नाही, जशी एकाच आडनावाची दोन माणसं. एक स्ट्रेन निमॅटोडवर चालतो, दुसरा फक्त बुरशीवर, तिसरा नुसता मुळं वाढवतो. म्हणून लेबलवर स्ट्रेनचा नंबर आहे का आणि निमॅटोडसाठी शिफारस स्पष्ट लिहिलीये का हे दोन बघायचंच.

बॅसिलस फर्मसचा आय-१५८२ स्ट्रेन बियाण्यावर लावण्यासाठी बराच वापरला जातो. बॅसिलस सबटिलिस, लायकेनिफॉर्मिस, अ‍ॅमायलोलिक्विफेशियन्स, व्हेलेझेन्सिस यांचेही स्ट्रेन मिळतात. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स बऱ्याच ठिकाणी सहज मिळतो, पण तो स्पोअर करत नाही, त्यामुळे उन्हात ठेवलेल्या पाकिटात तो लवकर मरतो. बॅसिलसचा स्पोअर उष्णता-कोरडेपणा सोसतो. साठवणीची सोय नसेल तर माझं मत सरळ बॅसिलसच घ्या.

पॅसिलोमायसिस, ट्रायकोडर्मा, पोकोनिया हे पण बॅक्टेरियाच ना?

नाही, या बुरशी आहेत. चांगल्या आहेत, पॅसिलोमायसिस आणि पोकोनिया तर निमॅटोडची अंडीच खातात. पण बुरशीनाशक मारलं तर या मरतील आणि बॅक्टेरिया बहुधा वाचेल, तांबं किंवा अँटिबायोटिक गेलं तर बॅक्टेरिया मरेल, म्हणून कुठल्या डब्यात काय आहे हे माहीत पाहिजे.

सीएफयू म्हणजे काय?

एका ग्रॅममध्ये किंवा मिलीमध्ये वसाहत करू शकणारे किती जिवंत बॅक्टेरिया आहेत तो आकडा. १×१०^८ म्हणजे ग्रॅमला १० कोटी. पण आकडा मोठा म्हणजे माल भारी असं नाही, चुकीचा स्ट्रेन १०० कोटी टाकला तरी चुकीचाच. बनवल्याची तारीख आणि तो ठेवला कसा होता याला जास्त महत्त्व द्या.

एका डब्यावर "उष्णतेने मारलेले बॅक्टेरिया" लिहिलंय. मेलेला काय काम करणार?

ही फसवणूक नाही. बुर्खोल्डेरियाच्या एका स्ट्रेनवर आधारित असं प्रॉडक्ट खरंच आहे, त्यात बॅक्टेरिया वाढवताना त्याने सोडलेले पदार्थ काम करतात. फक्त हे लक्षात घ्या की मेलेला बॅक्टेरिया मुळावर वाढणार नाही, म्हणून ते औषधासारखं परत परत द्यावं लागतं.

द्यायचा कधी आणि कसा?

सुरुवात बियाण्यापासून किंवा रोपाच्या ट्रेपासून, हे सगळ्यात स्वस्तात पडतं आणि सगळ्यात जास्त फायद्याचं. ट्रेमधल्या एवढ्याशा कोकोपीटमध्ये थोडासा बॅक्टेरिया प्रत्येक मुळापर्यंत पोचतो, तोच नंतर अख्ख्या एकरात शोधत बसावा लागतो. मग लावणीच्या वेळी खड्ड्यात किंवा मुळं बुडवून, आणि नंतर ड्रिपने किंवा ड्रेंचिंगने (मुळाशी ओतून) लेबलवर दिलेल्या अंतराने दोन-तीन वेळा, कारण मूळ रोज पुढे वाढतं आणि नवं टोक रिकामं असतं.

जमीन आधी ओली हवी. कोरड्या मातीत वरून ओतलं तर वरच्या दोन बोटांत अडकून राहतं. वेळ संध्याकाळची. टाल्कम पावडरवाला माल ड्रिपमधून सोडणार असाल तर फडक्याने गाळून घ्या, नाहीतर ड्रिपर चोक होतात.

चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट ओलसर करून त्यात मिसळून सावलीत दहा-पंधरा दिवस ठेवून मग टाकलं तर अजून बरं, बॅक्टेरियाला खायला मिळतं. पण खत पूर्ण कुजलेलं पाहिजे, कच्च्या खताचा ढीग आतून इतका तापतो की स्यूडोमोनाससारखा नाजूक जीव शिजून जातो.

कशाबरोबर मिसळू नये?

तांब्याची बुरशीनाशकं, स्ट्रेप्टोमायसिनसारखी अँटिबायोटिक, क्लोरीन मारलेलं पाणी, ड्रिप साफ करायचं अ‍ॅसिड, हायड्रोजन पेरॉक्साइड. यांच्याबरोबर तर नाहीच आणि लगेच आधी-नंतरही नाही, आठवडाभर अंतर ठेवा. माझ्याकडून एकदा हे झालंय, ज्या टाकीत आदल्या दिवशी कॉपर कालवलं होतं तीच नुसती विसळून त्यात बॅक्टेरिया भिजवला, आणि मग महिनाभर "माल खराब होता" असं म्हणत राहिले. मालाची चूक नव्हती.

ड्रममध्ये गोड पाणी करून घरीच वाढवला तर? एका पाकिटाचे दहा होतात म्हणतात.

ड्रममध्ये काहीतरी नक्की वाढतं, ते तुमचंच आहे का हा प्रश्न आहे. उघड्या गोड पाण्यात हवेतले, भांड्यातले, पाण्यातले सगळे जंतू येतात आणि जो भरभर वाढतो तो जिंकतो, तो बहुतेक वेळा तुम्ही टाकलेला नसतो. वास चांगला आला, फेस आला म्हणजे बॅक्टेरिया तोच हे वासावरून कळत नाही. कंपनीने खास वाढवायची पद्धत आणि सामान दिलं असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर मी हे सांगणार नाही.

माणसांना काही धोका?

नोंदणी झालेल्या बॅसिलसच्या प्रॉडक्टचा नीट वापर केला तर फार काळजीचं कारण नाही, पण पावडर नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावा, हातमोजे घाला, डोळे जपा. मात्र प्रयोगाच्या नादात कुणी स्यूडोमोनास एरुजिनोसा वापरायला सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा. तो निमॅटोड मारतो हे खरं आहे, पण भाजलेल्या आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसांना त्याचं गंभीर इन्फेक्शन होतं.

केमिकल पूर्ण बंद करता येईल का?

प्रत्येक शेतात लगेच नाही, खोटं कशाला सांगू. पण केमिकलवाल्यांचा इतिहासही आठवावा. डीबीसीपी नावाचं निमॅटोडनाशक जगभर वापरलं गेलं, १९७७ मध्ये ते बनवणाऱ्या कामगारांना मुलं होत नाहीत हे उघड झालं आणि मग बंद्या आल्या. मिथाइल ब्रोमाइड ओझोनचा थर खातो म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार ते शेतजमिनीतून जवळपास हद्दपार झालं. जमीन धुरी देऊन निर्जंतुक केली तर निमॅटोडचे शत्रूही मरतात, आणि उरलेला थोडा निमॅटोड मोकळ्या रानात पुन्हा जोरात वाढतो.

एकट्या बॅक्टेरियावर भार टाकू नका. उन्हाळ्यात ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक चार-सहा आठवडे, मध्ये एखादं निमॅटोडला न चालणारं पीक, झेंडू, आणि जमेल तिथे प्रतिकारक वाण. टोमॅटोत एमआय नावाचा जीन असलेली वाणं चांगली आहेत, पण माती २८ डिग्रीच्या वर गेली की तो जीन ढिला पडतो, तिथे बॅक्टेरियाची साथ खरी कामाला येते.

मी दिला पण फरकच दिसला नाही.

किती दिवसांनी बघितलं, आणि कशाशी तुलना केली? दोन ओळी बॅक्टेरिया न देता सोडल्याच नसतील तर फरक कळणार कसा? पुढच्या वेळी सोडा, त्यावर काठी रोवून ठेवा. पीक निघताना दोन्हीकडची दहा-दहा रोपं काढून मुळांना ० ते १० मार्क द्या, ० म्हणजे एकही गाठ नाही, १० म्हणजे मूळ संपलेलं. ६ वरून ४ वर आलं तर ते यशच आहे, ० ची अपेक्षा धरू नका.

लावणीआधी जमीन तपासायची असेल तर शेतात नागमोडी चालत वीसेक ठिकाणची १५-२० सेंमी खोलीची माती घ्या, मिसळा, पिशवीत बांधून सावलीत ठेवून लॅबला द्या. सुकलेली किंवा गाडीच्या काचेमागे तापलेली माती देऊ नका, जंत मेले की रिपोर्ट "कमी आहेत" येतो. लॅब जवळ नसेल तर त्याच मातीत कुंडीत काकडी किंवा टोमॅटो लावा आणि चार-सहा आठवड्यांनी मूळ धुऊन बघा.

उभ्या पिकात आत्ताच गाठी भरल्यात. आज बॅक्टेरिया दिला तर वाचेल का?

झालेली गाठ जाणार नाही. नवी फुटणारी मुळं थोडी वाचतील, तेवढ्यासाठी द्यायचा तर द्या, सोबत पाणी थोडं थोडं पण वरचेवर द्या कारण फुगलेल्या मुळाला पाणी नीट ओढता येत नाही. शेवटचा तोडा झाला की मात्र झाडं वाळेपर्यंत तशीच उभी ठेवू नका, त्याच आठवड्यात मुळांसकट खणून काढा आणि शेताबाहेर न्या, कारण त्या प्रत्येक मुळावर पुढच्या हंगामाची अंडी चिकटलेली आहेत.